काटकसर कुणाच्या खात्यावर?

(नागापूर येथील भाषण)



नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत घाम गाळणाऱ्यांना काटकसर शिकविण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. ती तुम्ही करीतच आहात. मला बोलावयाचे आहे ते तिच्या मर्यादेविषयी.

पुडा दहा रुपयांचाच राहतो. आतले वजन तेवढे घटते. ही भाववाढच, फक्त मुकी. म्हणून पुड्याच्या किमतीपेक्षा दर ग्रॅमचा भाव वाचा. तो छापणे आता बंधनकारक आहे. मोठा पुडा नेहमीच स्वस्त पडतो असेही नाही.

परंतु ज्याला किराणा उधारीवर भरावा लागतो, त्याने भाव वाचून काय करावे? रोकड नाही म्हणून दुकान बदलता येत नाही. ही कोंडी एकट्याने फुटणारी नव्हे. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारी कुटुंबांचे संघ बांधून सामूहिक खरेदीचा मार्ग दाखविला. आपल्या आळीतील दहा घरांनीही आठवड्याला थोडी वर्गणी साठवून निदान तेल आणि डाळ एकत्र आणावी.

पावती जपावी. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागी २०१९ चा कायदा आला आहे. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा आयोगाकडील तक्रारीस शुल्क पडत नाही.

मात्र तुमची बचत पाहून उद्या कोणी ‘एवढ्यात भागते की!’ म्हणत वेतनवाढ नाकारू लागला, तर त्याला ठणकावून सांगा : ही काटकसर आमच्या मुलांसाठी आहे, तुमच्या नफ्यासाठी नव्हे.