काळी, पांढरी आणि पायाखालचे पाणी



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी या शाळेत भूगोल शिकवीत असत. त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानासाठी मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाला आपण पाचारण केलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. साहित्यावर बोलावे अशी आपली अपेक्षा असणार. परंतु शाळेने मैदानाच्या सखल कोपऱ्यात नवी इमारत उभारण्याचा संकल्प केला आहे असे मला कळले, आणि गुरुजींनी एकदा मला सांगितलेली व मी न ऐकलेली एक गोष्ट आठवली. तीच आज आपल्यापुढे मांडावी असे ठरवून मी आलो आहे. बांधकाम करण्याआधी जमीन आणि तिच्या पोटातले पाणी कसे पारखावे, हा माझा विषय. मी स्थापत्यशास्त्राचा जाणकार नव्हे. या विषयातला माझा अधिकार एवढाच की, मी चुकलेला घरमालक आहे.

हरिशंकरपुरममध्ये मी भूखंड घेतला तेव्हा नोकरीला लागून मला दहाएक वर्षे झाली होती. मे महिन्यात पायाची आखणी झाली. गुरुजी मुद्दाम जागा पाहायला आले. मागच्या कोपऱ्यात काठी टेकून ते बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, ''अरे, इथे पुरुषभर खड्डा खणून पाहा. एक पावसाळा जाऊ दे आणि खड्ड्यात पाणी कुठवर चढते तेही पाहा. कवितेचा अर्थ लावण्याआधी तू पाठ तपासतोस ना? मग या जमिनीचा पाठ कोण तपासणार?'' मी हसलो. कुदळ आपटली तर खण्णकन वाजणारी माती डोळ्यांसमोर होती, ठेकेदार घाई करीत होता आणि एक पावसाळा थांबणे म्हणजे वर्षभराचे घरभाडे भरणे. तीन फूट पाया घेऊन आम्ही भिंती चढवल्या.

चौथ्या पावसाळ्यात मागच्या खोलीच्या भिंतीला तिरकी भेग गेली. दाराची चौकट वाकडी झाली, फरशी एका अंगाला खचली. खोदून पाहिले तेव्हा तीन फुटांच्या कडक थराखाली विटांचे तुकडे, राख, कुजलेला पाला आणि उग्र वासाचा काळा चिखल निघाला. कुणी तरी कधी तरी तिथला जुना खड्डा केरकचऱ्याने भरून वर चांगली माती पसरली होती. साऱ्या वसाहतीबद्दल मी हे म्हणत नाही. ही माझ्या एका कोपऱ्याची हकीकत आहे. ती खोली माझ्या आईची होती. देवघरही तिथेच होते. आईला आम्ही बैठकीत हलवले. पायाखाली नवा पाया घालण्याइतके पैसे जमेपर्यंत काही वर्षे गेली, आणि आपल्या खोलीत परत जाणे तिच्या नशिबी आले नाही. गुरुजींनी मात्र त्यानंतर कधीही ''मी सांगितले होते'' असे म्हटले नाही.

या प्रसंगानंतर मी माझ्याच विषयाकडे वळून पाहिले, तेव्हा ध्यानात आले की आपल्या भाषेने ही पारख शब्दांतच साठवून ठेवली आहे. महाराष्ट्रातल्या खेड्यांत 'काळी' म्हणजे पिकाऊ शेतजमीन आणि 'पांढरी' म्हणजे गावाची वस्ती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' या १९१५ सालच्या ग्रंथाच्या वाचकांना ही जोडी परिचित आहे. काळी पोटाला अन्न देते, पण तिच्यावर भिंत टिकत नाही. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडून आकसते, आणि वरचे घर तिच्याबरोबर वर-खाली होते. म्हणून घर पांढरीवर आणि नांगर काळीवर. तथापि शब्दावर सर्वस्वी विसंबूनही चालत नाही. पुष्कळ ठिकाणी पांढरी म्हणजे शेकडो वर्षांच्या वस्तीची राख, पडक्या भिंतींची माती आणि केर यांचे साठलेले टेकाडच असते. पुराणवस्तूंचे अभ्यासक अशी टेकाडे शोधत हिंडतात. अशी माती भुसभुशीत असते. तिच्यावरचा भारी मजला खचू शकतो. भाषा आपल्याला शंका घ्यायला शिकवते. निर्णय मात्र कुदळीनेच करावा लागतो.

सहाव्या शतकात अवंतीच्या परिसरात झालेल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त अशी परीक्षा सांगितली आहे. हातभर खड्डा खणावा आणि निघालेल्या मातीनेच तो पुन्हा भरावा. माती उरली तर भूमी उत्तम, बरोबर पुरली तर मध्यम, कमी पडली तर वर्ज्य. दुसरी परीक्षा अशी की खड्डा पाण्याने भरावा, शंभर पावले जाऊन परत यावे आणि पाणी किती ओसरले ते पाहावे. यात शुभाशुभाची भाषा असली तरी निरीक्षण खरे आहे. घट्ट जमीन खणली की माती फुलते म्हणून उरते. पोकळ जमीन दाबली जाते म्हणून माती कमी पडते. पाणी झरझर मुरले तर माती सच्छिद्र आहे हे कळते. त्याच ग्रंथात भूजल कसे शोधावे यावर 'दकार्गल' नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. म्हणजे माती आणि पाणी यांचा विचार एकत्र करावा, हे आपल्याकडे जुनेच आहे. उणीव आहे ती खोलीची. हातभर खड्डा आजच्या इमारतीला अपुरा. पायाच्या रुंदीच्या दीडपट-दुप्पट खोलीपर्यंत इमारतीचा भार मातीला जाणवतो. माझ्या घराखालचा चिखल तीन फुटांवर होता; हातभर खड्ड्याने तोही सापडला नसता.

सर्वांत फसवी जमीन कोणती, असे विचाराल तर कुजलेल्या वनस्पतींची. दलदलीत झाडपाला पाण्याखाली शतकानुशतके साचतो, हवा न मिळाल्याने पूर्ण कुजत नाही आणि त्याचा काळपट, तंतुमय, स्पंजासारखा थर होतो. त्याला पीट म्हणतात. त्यातल्या पाण्याचे वजन कोरड्या द्रव्याच्या कित्येक पट असू शकते. भार पडला की पाणी निघून जाते आणि थर दबतो. पाणी निघून गेल्यावरही तो वर्षानुवर्षे हळूहळू दबत राहतो. कोलकात्यात फोर्ट विल्यम येथे एकोणिसाव्या शतकात खोल भोक पाडले तेव्हा जमिनीखाली असा थर लागला होता. अशा जमिनीतले पाणी उपसून ती कोरडी केली म्हणजे काम भागेल असे कुणाला वाटेल, तर इंग्लंडमधल्या होम फेन येथील खांब पाहावा. दलदलीचे पाणी काढताना १८५१ च्या सुमारास तिथे एक लोखंडी खांब माथा जमिनीलगत राहील असा पुरला. आज तो सुमारे चार मीटर उघडा आहे. खांब वर आलेला नाही, जमीन खाली गेली आहे. पाणी गेल्यावर तो थर आकसला आणि हवा लागून झिजत गेला.

आपल्या ग्वाल्हेरात पीटच्या दलदली नाहीत. किल्ला वालुकाश्माच्या टेकडीवर उभा आहे, आणि उत्तरेला भिंड-मुरैन्याकडे चंबळचे बेहड आहेत. तिथली गाळाची माती वाहत्या पाण्यापुढे कशी कोसळते, हे त्या घळी पाहून कुणालाही कळते. परंतु पीटचा एक भाऊबंद प्रत्येक शहरात असतो. भरलेला नाला, बुजवलेली विहीर, केरकचऱ्याने सपाट केलेला डबरा हे ते भाऊबंद. जुनी माणसे स्वर्णरेखेला नदी म्हणत; आजची मुले तिला नाला म्हणतात. तिला येऊन मिळणारे लहान ओघळ वस्ती वाढताना कुठे गडप झाले, हे वरच्या फरशीवरून कळत नाही. पाण्याला मात्र आपली जुनी वाट ठाऊक असते.

जयविलास महाल १८७४ साली पूर्ण झाला. त्याच्या दरबार सभागृहातली दोन झुंबरे प्रत्येकी सुमारे साडेतीन टनांची आहेत. ती टांगण्याआधी छतावर हत्ती चढवून त्याची ताकद अजमावली, असे सांगतात. कथा खरी असो वा रंगवलेली, तिच्यातला विचार योग्य आहे. भार येण्याआधी परीक्षा घ्यावी. पण आपण छताची परीक्षा घेतो, कारण छत दिसते. जमिनीखालची परीक्षा राहून जाते.

ती राहून गेल्यास काय होते, याचे उदाहरण आपल्या शहराचे पाणी जिथून येते तिथेच आहे. सांक नदीवरचे तिघरा धरण १९१६ साली बांधून झाले. ते सुमारे २४ मीटर उंचीचे दगडी धरण होते. १९ ऑगस्ट १९१७ रोजी पुराचे पाणी माथ्यावरून वाहू लागले आणि भिंतीचे दोन प्रचंड भाग सरकून वाहून गेले. पायाखालच्या वालुकाश्मात पाणी झिरपल्याचे कारण या दुर्घटनेसंबंधी दिले जाते. दगडाच्या फटींतले पाणी वरच्या भिंतीला खालून उचलू पाहते. भिंतीचे वजन तेच असते, पण जमिनीवर ती ज्या जोराने टेकलेली असते तो जोर कमी होतो, आणि मग ती सरकते. फ्रान्समधले बूझे धरण १८९५ साली फुटले, तेव्हाही खालून रेटणाऱ्या पाण्याचा हिशेब झालेला नव्हता, हे पुढे स्पष्ट झाले. कार्ल तेरझागी यांनी १९२५ साली मृदायांत्रिकीचा पाया घातला, त्याचे सार हेच आहे की मातीचे बळ वरच्या भारातून पाण्याचा दाब वजा करून मोजावे. तिघरा १९२९ साली पुन्हा बांधले गेले आणि आजही ग्वाल्हेर त्याचेच पाणी पिते.

आता प्रत्यक्षात काय करावे, ते सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे जागेचा इतिहास विचारावा. पटवाऱ्याचे जुने नकाशे पाहावेत, आसपासच्या वृद्धांकडे जावे, इथे विहीर होती का, पावसाळ्यात पाणी साचे का, हे विचारावे. याला खर्च नाही. दुसरी गोष्ट, शेजारच्या विहिरी व कूपनलिका यांतील पाण्याची पातळी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर अशी दोनदा नोंदावी. केंद्रीय भूजल मंडळही आपल्या निरीक्षण-विहिरींच्या नोंदी वर्षातून चार वेळा घेते. मी मे महिन्यातली जमीन पाहिली. घर तर बाराही महिने उभे राहायचे होते.

तिसरी गोष्ट, परीक्षणाचे खड्डे खणावेत आणि मातीचे थर क्रमाने लिहून ठेवावेत. रंग पाहावा, चिमटीत चुरून पाहावे, वास घ्यावा. कुजट वास, काळा रंग आणि तंतू दिसले तर तिथेच थांबावे. चौथी गोष्ट, दुमजली-तिमजली इमारत असेल तर तज्ज्ञाकडून भोके पाडून प्रमाण भेदन परीक्षा करून घ्यावी. ६३.५ किलो वजनाचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून टाकतात. नळी पहिले १५ सेंटिमीटर रुतू देतात आणि पुढचे ३० सेंटिमीटर जायला किती ठोके लागले ते मोजतात. ठोके थोडे म्हणजे जमीन मऊ. ही भोके इमारतीच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्ये असावीत. माझ्या घराचे तीन कोपरे निर्दोष होते.

पाचवी परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांनाही करता येईल. बारीक चाळलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम घेऊन काचेच्या दोन मापननळ्यांत टाकावी. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल भरावे. चोवीस तासांनी पाहावे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यात ती किती जास्त फुगली यावरून तिचा स्वभाव कळतो.

दोष निघाला म्हणजे बांधकाम सोडून द्यावे असे नाही. कुजका थर उथळ असेल तर तो काढून मुरूम भरून दाबावा. खोल असेल तर त्यातून खालच्या घट्ट थरापर्यंत खांब उतरवावेत. फुगणाऱ्या मातीसाठी रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने खाली फुगीर कंद असलेले खांब विकसित केले. त्यांचा कंद ओल न बदलणाऱ्या थरात घट्ट बसतो. मुंबईच्या आयआयटीत प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकण मातीचा थर देण्याची पद्धत सिद्ध केली. उपाय पुष्कळ आहेत, पण ते पाया भरण्याआधी स्वस्त आणि नंतर महाग पडतात. माझ्या एका कोपऱ्याच्या दुरुस्तीला जो खर्च आला, त्यात साऱ्या भूखंडाचे परीक्षण अनेकदा झाले असते.

व्यवस्थापक मंडळाला माझी एकच विनंती आहे. मैदानाचा तो कोपरा सखल आहे, एवढे मी दुरून पाहिले आहे. त्याच्या पोटात काय आहे ते मला माहीत नाही आणि आपल्यालाही अजून माहीत नाही. कदाचित उत्तम मुरूम असेल. भूमिपूजनाची तारीख ठरवण्याआधी खड्डे खणावेत, एक पावसाळा त्यांतले पाणी मोजावे आणि मोजणीचे काम मुलांच्या हाती द्यावे. देणगीदारांना थांबवणे अवघड असते, याची मला कल्पना आहे. पण त्या वर्गांत आपली मुले बसणार आहेत. या व्याख्यानाचे मानधन मी त्या खड्ड्यांच्या खोदाईसाठी शाळेला परत करीत आहे.

गुरुजींनी माझ्या भूखंडावर काठी टेकली होती, तिथे मी आता एक कडुनिंब लावला आहे. त्यांचे म्हणणे मी ऐकायला उशीर केला. आपण करू नये, एवढेच मागतो.