स्कॅनर घेण्याआधी



पावसाळा तोंडावर आला की आपल्या कोल्हापुरात घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो : राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती? ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहेत. २०१९ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ साली ५६ फुटांच्या. दोन्ही वेळा शिरोलीजवळ हायवे बंद पडला. वीज गेली की मोबाइलच्या टॉवरची बॅटरी काही तास टिकते, मग फोन म्हणजे नुसता आरसा. म्हणूनच हल्ली भिशीत, बचत गटात मला कुणी ना कुणी विचारतं, "ताई, ते पोलिसांच्या हातात असतंय तसलं यंत्र घेतलं तर घरबसल्या सगळं ऐकायला येईल काय? ऑनलाइन दोन-अडीच हजारांत मिळतंय म्हणे."

आज त्याच यंत्राबद्दल बोलायचं आहे. माझं उत्तर आधीच सांगते : घ्या, पण सगळ्यात शेवटी घ्या. त्याआधी दोन कामं करायची आहेत.

पहिल्यांदा नावांचा घोळ मिटवू. आपल्याकडं अँटेना असलेल्या हातातल्या सगळ्या डब्यांना वॉकीटॉकीच म्हणतात. पण वॉकीटॉकी बोलते आणि ऐकते. स्कॅनर फक्त ऐकतो. आणि घरातला रेडिओ, तोही फक्त ऐकतो, पण त्याला एका वेळी एकच स्टेशन लावून द्यावं लागतं. स्कॅनरचं तसं नाही. त्याच्यात शंभर, पाचशे, हजार लहरी साठवून ठेवता येतात, आणि तो एका सेकंदात कितीतरी लहरी चाळून जातो. कुठं आवाज सापडला की थांबतो, तिथलं बोलणं संपलं की पुन्हा पुढं चालू लागतो. वाड्यातली एखादी आजी प्रत्येक दाराशी क्षणभर थांबून कानोसा घेत पुढं जाते ना, अगदी तसा.

आणि इथंच पहिली अडचण येते. प्रत्येक दाराशी कानोसा घ्यायची परवानगी आपल्याला नाही.

तुमच्यापैकी ज्या साठीच्या पुढच्या आहेत, त्यांना आठवत असेल, पूर्वी घरच्या साध्या रेडिओलाही पोस्टातून लायसन काढावं लागायचं. ते १९८० च्या दशकात बंद झालं. त्यामुळं लोकांची समजूत झाली की ऐकायला कसली आलीय परवानगी? पण सूट मिळाली ती आकाशवाणी आणि एफएमसारखं प्रसारण ऐकण्याच्या रेडिओला. बाकीची बिनतारी यंत्रं बाळगायला परवाना लागतो, हा नियम १९३३ च्या कायद्यापासून चालत आलेला आहे. आता २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आहे. त्यात दुसऱ्याचा संदेश बेकायदा मधेच पकडण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. दोन कोटी, बायांनो. सारखं सारखं सांगते म्हणून कुणाला मी भित्री वाटले तरी चालेल.

"पण ऑनलाइन उघड विकतात की!" विकतात. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं याच कारणावरून मोठमोठ्या ऑनलाइन दुकानांना नोटिसा काढल्या. वॉकीटॉकी विकताना ती कुठल्या लहरींवर चालते आणि तिला परवाना लागतो का, हेच गिऱ्हाइकाला सांगितलं जात नव्हतं. बिनपरवाना वापरायला ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढी चिंचोळी पट्टी मोकळी आहे. तीही कमी ताकदीच्या, मान्यता असलेल्या संचांसाठीच. शेतात किंवा लग्नाच्या मांडवात एकमेकांना हाक मारायला ती पुरते. पोलीस, अग्निशमन दल यांचं बोलणं ऐकणं हा त्यात बसणारा विषयच नाही. शिवाय आता बऱ्याच ठिकाणी ते डिजिटल आणि कुलूपबंद झालंय, साध्या स्कॅनरवर नुसती घरघर येते. अमेरिकेतले व्हिडिओ बघून यंत्र मागवलं तर पैसे गेले समजा.

मग परवान्यानं काय मिळतं? हौशी रेडिओ, ज्याला सगळे हॅम म्हणतात, त्याचं दार उघडतं. वय बारा वर्षं पूर्ण असलं की परीक्षा देता येते. शिक्षणाची अट नाही. रेडिओचं तंत्र आणि नियम, असे दोन भाग. पहिल्या, म्हणजे रिस्ट्रिक्टेड दर्जाला मोर्सची टिकटिक लागत नाही. वरच्या जनरल दर्जाला मिनिटाला आठ शब्दांचा वेग लागतो. अर्ज सरकारच्या सरल संचार पोर्टलवर करायचा. पोलिसांकडून पडताळणी होते, तिला वेळ लागतो, म्हणून आज ठरवलं तर पुढच्या पावसाळ्याचा हिशेब धरा. पास झालात की व्हीयू थ्री पासून सुरू होणारं तुमचं स्वतःचं संकेतनाव मिळतं. नवऱ्याच्या नावावर नाही, सासरच्या नावावर नाही. मला ते फार आवडतं.

या बाबतीत भारती प्रसाद यांचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. संकेतनाव व्हीयू टू आरबीआय. २००४ च्या डिसेंबरात त्या हौशी रेडिओवाल्यांचा गट घेऊन अंदमानला, पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. हेतू हौसेचाच. त्या बेटांवरून जगभरच्या हॅमशी बोलायचं. २६ डिसेंबरला सकाळी भूकंप झाला, मागोमाग त्सुनामी आली. नेहमीची दळणवळणाची साधनं कोलमडली, आणि हौसेसाठी लावलेला तोच संच बेटांवरची खबर मुख्य भूमीवर पोचवू लागला. कोण जिवंत आहे, कोण कुठं आहे, असे निरोप. त्या तिथं वाचवायला गेलेल्या नव्हत्या. फक्त संच लावलेला होता आणि चालवायची सवय होती.

सवय कशी लावायची ते सांगते. यंत्राशिवायही सुरुवात करता येते. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठानं आपला रेडिओ इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळा ठेवलाय. मोबाइलवरून तो फिरवता येतो, आणि बोटाखाली लहरींचा धबधबा दिसतो. चार संध्याकाळी त्यावर घालवल्या की एएम, एफएम, एकाच बाजूची पट्टी हे सगळं कानाला कळायला लागतं. पुस्तकात वाचून हे कधीच कळत नाही, फोडणीचा वास वाचून कळतो का?

आता परवाना हातात आहे आणि दुकानात उभ्या आहात, असं समजू. तीन गोष्टी बघा. एक, यंत्र १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ या हौशी पट्ट्या पकडतं का. दोन, ते बाजारात मिळणाऱ्या साध्या पेन्सिल सेलवर चालतं का. युनिडेनचा बीसी १२५ एटी आणि आयकॉमचा आर सिक्स हे दोन्ही दोन-दोन सेलवर चालतात, म्हणून माझ्या मनात त्यांना जास्त मार्क. स्वतःचीच खास बॅटरी आणि खास चार्जर असलेलं यंत्र वीज गेल्यावर काय कामाचं? तीन, बटणं. अंधारात, टॉर्च तोंडात धरून तुम्हाला ते चालवता आलं पाहिजे. दीडशे सुविधा असलेलं यंत्र नवशिकीनं घेऊ नये. परदेशातून मागवणार असाल तर परवान्याची प्रत जवळ ठेवा, कस्टममध्ये विचारतात.

यंत्र सुरू केलं की कान किटतील अशी खरखर येते. घाबरू नका, मोडलेलं नाही. स्क्वेल्च नावाचं एक बटण असतं. ती पिठाची चाळण समजा. खरखर थांबेपर्यंत हळूहळू फिरवा, आणि थांबली की तिथंच सोडा. बहुतेक जणी इथं चुकतात, शांत वाटावं म्हणून आणखी दोन वळसे देतात. मग चाळणीची भोकं इतकी बारीक होतात की लांबचा, क्षीण आवाजही आत येत नाही, आणि पुरात नेमका तोच हवा असतो.

दुसरी गोष्ट अँटेनाची. यंत्रासोबत येते ती बोटभर रबराची. १४५ मेगाहर्ट्झची लहर साधारण दोन मीटर लांब असते, तिच्या चौथ्या हिश्शाची, म्हणजे अर्ध्या मीटरची तार लावली तर फरक लगेच कानाला कळतो. त्याहून मोठा फरक उंचीचा. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. गल्लीत, दोन इमारतींच्या मधे उभं राहून काही ऐकू आलं नाही तर यंत्राला दोष देऊ नका, गच्चीवर जा. पन्हाळा आणि जोतिबा दिसतोय तिथून ऐकण्याची मजा वेगळीच.

गच्चीवर गेलाच आहात तर १४५.८०० हा आकडा साठवून ठेवा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचे अंतराळवीर हौशी रेडिओवर बोलतात ते या लहरीवर खाली येतं. २०२५ च्या जुलैत आपले शुभांशू शुक्ला तिथून असेच बोलले होते. स्थानक डोक्यावरून जाताना दहाएक मिनिटंच सापडतं, आणि येताना लहर किंचित वर, जाताना किंचित खाली सरकते. मुलांना सोबत घ्या.

आणि एक वही. याबाबत मी हट्टी आहे. जे ऐकलं ते वेळ, लहर, कोण बोललं, काय बोललं, असं लिहायचं. नीट ऐकू आलं नाही तिथं रेघ मारायची, मनानं भरायचं नाही. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की प्रत्येक दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं, ही दर पावसाळ्यातली गोष्ट. पण "दरवाजे उघडले" हे अर्धवट ऐकून "धरण फुटलं" असा निरोप व्हॉट्सॲपवर जायला अर्धा मिनिट लागतो, आणि मग चिखली-आंबेवाडीतल्या म्हाताऱ्या बायका रात्री गाठोडी बांधून रस्त्यावर येतात. हौशी रेडिओवाले निरोप घेतला की तो उलट वाचून दाखवतात, समोरच्यानं बरोबर म्हटलं की मगच पुढं देतात. आणि आपल्यासाठी नसलेलं चुकून कानावर पडलं, तर ते तिथंच ठेवतात.

हे सगळं ज्यांना जमणार नाही, वेळ नाही, त्यांनी फक्त पहिलं काम करावं. सेलवर चालणारा साधा एफएम रेडिओ घ्या. आकाशवाणी कोल्हापूर १०२.७ वर लावून ठेवा आणि त्या जागी पट्टीवर नेलपॉलिशचा ठिपका द्या, म्हणजे घाईत कुणालाही सापडेल. सेल रेडिओत घालून ठेवू नका, गळतात आणि आतले पत्रे खातात. प्लॅस्टिकच्या पिशवीत रेडिओ वेगळा, सेल वेगळे, आणि पिशवी माळ्यावर.