टाकीवरचा टेप खाली ठेवू नका



 

'द्रवसाठ्याच्या टाक्यांमधील पातळीमापनाचं आधुनिक तंत्रज्ञान' हा विषय या परिषदेच्या संयोजकांनी मला अध्यक्ष म्हणून दिला आहे. अध्यक्षाने आधी आढावा घ्यायचा ही रीत आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा टाकीबाहेर रंगवलेली फळी असायची. आतल्या तरंगीला बांधलेली तार कप्पीवरून येऊन फळीवर काटा सरकवायची. पुढे तळातला दाब मोजून पातळी सांगणारे ट्रान्समीटर आले. अल्ट्रासोनिक आले, सर्वो गेज आले, रडार आले. जहाजांच्या टाक्यांसाठी १९७०च्या दशकात तयार झालेलं रडार आज आपल्या आसवनीच्या टाकीवर बसलं आहे. २६ गिगाहर्ट्झचं होतं, त्याचं ८० गिगाहर्ट्झ झालं. तेवढ्याच आकाराच्या अँटेनातून निघणारा झोत साधारण दहा अंशांवरून तीन अंशांवर आला, त्यामुळे शिडी, पाइप, ढवळणी यांवर आपटून येणारे खोटे प्रतिध्वनी कमी झाले. सगळी उपकरणं चांगली आहेत आणि मी आयुष्यभर तीच बसवली आहेत.

आढावा इथेच थांबवतो, कारण बरीच वर्षं मनात साठवलेली गोष्ट आज बोलायची आहे. रडार आलं त्या दिवशी आपण टाकीत सोडून हाताने पातळी मोजायचा टेप खाली ठेवला आणि टेप टाकणाऱ्या माणसाला दुसरीकडे हलवलं. या जिल्ह्यातल्या तंत्रज्ञांनी एवढं मोठं नुकसान दुसऱ्या कोणत्याही निर्णयाने करून घेतलेलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

हे मी अहिल्यानगर जिल्ह्यात उभा राहून बोलतो आहे, यालाही कारण आहे. हरेगावची बेलापूर कंपनी आणि टिळकनगर इथे खासगी साखरधंदा उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी कारखाना उभा केला आणि १९५०-५१च्या हंगामात त्याची चाकं फिरली. साखरेमागून मळी आली, मळीमागून आसवनी आणि आसवनीमागून इथेनॉल. आज देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलं जातं. ऊस वजनकाट्यावर मोजला जातो आणि त्या काट्यात खोट असल्याचा संशय आला तर शेतकरी रस्त्यावर उतरतो. मळी आणि इथेनॉल मात्र टाकीत मोजलं जातं, आणि तिथला आकडा बरोबर आहे का, हे कोणीच विचारत नाही. पैसा त्याच शेतकऱ्याचा आहे.

मुळात पातळी म्हणजे साठा नव्हे. आपल्या भागातल्या कोणत्याही शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. भंडारदऱ्याचं पाणी किती फुटांवर आलं हे तो पेपरात वाचतो, पण त्याला हवा असतो दशलक्ष घनफुटांचा आकडा. फुटाचा घनफूट होतो तो धरणाच्या तक्त्यावरून. १९२६ साली पूर्ण झालेल्या त्या धरणात गाळ साचला की तोच फूट पूर्वीइतकं पाणी देत नाही. टाकीचंही तसंच आहे. टाकीला डिप चार्ट असतो, म्हणजे पातळीवरून साठा सांगणारा तक्ता. चार्ट चुकला, तळ बदलला, द्रवाचं तापमान बदललं, की मिलिमीटरपर्यंत अचूक पातळीतूनसुद्धा चुकीचा साठा निघतो. वीस मीटर व्यासाच्या टाकीत एक मिलिमीटर म्हणजे ३१४ लिटर. हा आकडा प्रत्येक उपकरण तंत्रज्ञाला पाठ पाहिजे.

आपल्या परिषदांमध्ये एक वाद नेहमी रंगतो: सर्वो चांगलं की रडार चांगलं? आज सकाळच्या सत्रातही तो झाला. मला त्याचं उत्तर एका टाकीने दिलं आहे. एका कारखान्यात इथेनॉलच्या टाकीवर दोन्ही बसवली होती. दोन्हींचा आकडा एकमेकांशी जुळायचा, पण टँकरनी भरून नेलेल्या मालाशी जुळत नव्हता. दोन्ही कंपन्यांचे इंजिनिअर दिवसभर संगणक उघडून बसले होते. दरम्यान साठा सांभाळणाऱ्या कारकुनावर चोरीचा आळ आला होता, त्याची चौकशी लागली होती. मी फक्त एवढं विचारलं, की टाकीची संदर्भ उंची किती? म्हणजे वरच्या डिप हॅचच्या कडेपासून खालच्या डेटम प्लेटपर्यंतचं अंतर. कोणालाच माहीत नव्हतं. हॅचजवळ ती रंगवलेलीही नव्हती. मग दुसरीकडे हलवलेल्या डिपवाल्याला, म्हणजे टेप टाकणाऱ्या माणसाला, बोलावलं, त्याने टेप सोडला. चार्टवरच्या उंचीपेक्षा प्रत्यक्ष उंची चार सेंटिमीटरनी कमी भरली. मागच्या दुरुस्तीत जुन्या तळावरच वाळू आणि नवा पत्रा घातला होता, आणि ते मापाच्या विभागाला कोणी कळवलंच नव्हतं. वीस मीटर व्यासाला चार सेंटिमीटर म्हणजे साडेबारा हजार लिटर. एवढं इथेनॉल कोणी चोरलं नव्हतं, ते टाकीत कधी नव्हतंच. सर्वोही चांगलं होतं, रडारही चांगलं होतं. चूक दाखवली ती टेपने आणि तो धरणाऱ्या हाताने.

दुसरा वाद मळीचा. पातळी रडारने मोजावी की तळाच्या दाबाने? मळीच्या टाकीत फेस येतो, हवा अडकते. मळी तापली की हा त्रास वाढतो. म्हणून तर आपण उन्हाळ्यात टाकीवर पाणी सोडतो आणि मळी ४० अंशांच्या पुढे जाऊ नये म्हणून धडपडतो. समजा रडारने आठ मीटर पातळी दाखवली आणि आपण १.४ घनता धरून टनांचा हिशेब केला. हवेमुळे खरी सरासरी घनता १.३३ असेल, तर वीस मीटर व्यासाच्या टाकीत सुमारे १७६ टन मळी कागदावर जास्त दिसते. दाबाचा ट्रान्समीटर त्याच टाकीची पातळी ७.६ मीटर सांगतो, आणि कारखान्यात भांडण सुरू होतं. असं भांडण मी एकदा गाळप विभाग आणि आसवनी यांच्यात पाहिलं, दोन्हीकडचे लोक आपल्याच यंत्राची शपथ घेत होते. आम्ही वरचा, मधला आणि तळाचा असे तीन नमुने काढले आणि तोलले. दाबाने वजन बरोबर सांगितलं होतं, रडारने उंची बरोबर सांगितली होती. मळी टनावर विकली जाते, त्यामुळे हिशेब दाबाचा धरला. पण टाकी ओसंडून वाहायची ती फेसाच्या माथ्यावरून, म्हणून भरण्याची मर्यादा रडारवरच ठेवली. नमुना काढल्याशिवाय हा निकाल लागला नसता, आणि नमुना काढायला माणसाला टाकीवर चढावंच लागतं.

अल्ट्रासोनिकबद्दल थोडंच सांगतो. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानाप्रमाणे बदलतो, दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटरनी. उपकरणाने तापमानाची दुरुस्ती केली नाही, तर दहा अंशांच्या फरकाला दहा मीटर अंतरात सतरा सेंटिमीटरची चूक होते. वर स्पिरिटची वाफ साचलेली असेल तर वेग आणखी बदलतो. पाण्याच्या टाकीवर ते खुशाल बसवा. स्पिरिटवर बसवू नका. यावर मी चर्चा करणार नाही.

इथेनॉलचं तापमान हा स्वतंत्र विषय आहे. दर अंशाला ते सुमारे ०.११ टक्क्याने फुगतं. टाकीतल्या दहा लाख लिटरचं तापमान दहा अंशांनी वाढलं, तर सुमारे अकरा हजार लिटर जास्त दिसतात. आपल्याकडे मे महिन्याचा चटका आणि डिसेंबरची थंडी, दोन्ही कडक. लाखो रुपयांचं रडार घेणारी व्यवस्थापनं टाकीच्या तीन उंचीवर तापमापक बसवायला मात्र हात आखडतात, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलो. मिलिमीटर विकत घ्यायचा आणि अंश फुकट सोडून द्यायचा, हा कुठला हिशेब?

आता माझ्या म्हणण्याला उत्तर काय मिळतं तेही सांगतो. तरुण मित्र म्हणतात, टेप टाकणं धोक्याचं आहे: वाफ, स्थिर विजेची ठिणगी, घसरण, वरून पडणं. त्यांचं म्हणणं खरं आहे, आणि म्हणूनच मी ते काम नीट करा म्हणतो, बंद करा म्हणत नाही. भरणं थांबल्यावर द्रव निवळू द्यावा आणि मगच हॅच उघडावी. टेपला पितळी लंबक हवा, टेप टाकीला अर्थ केलेला हवा. कठडा धड हवा, वर जाताना खाली दुसरा माणूस हवा, ढग गडगडत असताना कोणी वर जाऊ नये. मला हे शिकवलं ते एका वयस्कर डिपवाल्यांनी. त्यांचं शिक्षण जेमतेम होतं, पण हॅच उघडण्याआधी वाऱ्याची दिशा पाहिल्याशिवाय ते पुढे झुकत नसत, आणि दोन वाचनं जुळल्याशिवाय वहीत आकडा लिहीत नसत. आज त्यांच्या जागेवर कोणी नाही. ती जागाच रद्द झाली आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

यंत्राला साक्षीदार नसला की काय होतं, हे जगाने पाहिलं आहे. इंग्लंडमधल्या बन्सफील्ड डेपोत ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे ९१२ क्रमांकाच्या टाकीत पेट्रोल भरलं जात होतं. टाकीवर सर्वो गेज होतं. पहाटे तीनच्या सुमाराला त्याचा आकडा थांबला. पडद्यावर टाकी दोन तृतीयांश भरलेली दिसत राहिली आणि पेट्रोल चढत राहिलं. उंच पातळीचा स्वतंत्र स्विच होता, पण चाचणीचा दांडा जागेवर धरणारं कुलूप त्याला लावलेलं नव्हतं, त्यामुळे तो बेकाम झाला होता. अडीच लाख लिटरहून जास्त पेट्रोल बाहेर पडलं, स्फोट झाला आणि त्रेचाळीस माणसं जखमी झाली. चौकशीत निघालं, की आधीच्या साडेतीन महिन्यांत ते गेज चौदा वेळा अडकलं होतं. काही वेळा ते वर खेचून खाली सोडलं की चालायचं, म्हणून काम पुढे जात राहिलं. त्याच वर्षी मार्चमध्ये टेक्सास सिटीच्या रिफायनरीत पंधरा माणसं गेली. तिथे मनोऱ्यात द्रव चढत होता आणि पातळीचं उपकरण पातळी उतरत असल्याचं दाखवत होतं, कारण त्याच्यात घातलेली घनता त्या द्रवाची नव्हती. आपल्या मळीला १.४ घालून मोकळं होणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आपल्याकडे इथेनॉलचे साठे वाढत आहेत, टाक्या मोठ्या होत आहेत आणि नियंत्रणकक्षात बसणारा मुलगा टाकीवर कधीच चढलेला नाही. छतावर दोन माणसं उभी राहिली की पातळ पत्रा दबतो आणि रडारचा आकडा काही मिलिमीटरनी हलतो, हे त्याने पाहिलेलं नाही. पाहिलं असतं तर त्याने तळावर टेकलेली स्टिल पाइप, म्हणजे रडारला आधार देणारी उभी नळी, मागितली असती. टाकीवर न चढलेल्या माणसाच्या हातात टाकी देणं मला मान्य नाही.

परिषदेने पुढे काय करावं, याच्या काही सूचना मांडतो. तपशील कार्यकारिणीने ठरवावा. जिल्ह्यात टेप आणि तापमापक तपासून देणारी एक सामाईक सोय असावी. आयटीआयच्या उपकरण शाखेत हाताने डिप घेण्याचं प्रात्यक्षिक परीक्षेसह असावं. टाकीच्या तळाला हात लावणारी कोणतीही दुरुस्ती झाली, तर नवा चार्ट झाल्याशिवाय टाकी वापरात येऊ नये, असा ठराव आज करावा. आणि मराठीत एक छोटी पुस्तिका निघावी, ती लिहायला मी तयार आहे.

तुमच्या-माझ्या हातात असलेलं काम मात्र ठरावाची वाट पाहत नाही. तुमच्या टाकीवर सर्वो असो, रडार असो की जुनी फळी, आठवड्यातून एकदा हाताने डिप घ्या आणि यंत्राचा आकडा त्याच ओळीत लिहा. फरक पडला तर तो लपवू नका, वहीत नोंदवा आणि वरिष्ठांची सही घ्या. ओसंडीचा स्विच ठरल्या तारखेला तपासा आणि तपासणाऱ्याचं नाव लिहा. आणि व्यवस्थापनाने डिपवाल्याची जागा परत भरेपर्यंत प्रत्येक बैठकीत ती मागत राहा. उद्या सकाळी कामावर गेलात की पहिल्यांदा टाकीवर चढा, संदर्भ उंची मोजा आणि हॅचजवळ रंगवून घ्या.