न चुकलेली वारी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही भाषण करणारी बाई नव्हे. या मंडळात आजवर मी सतरंज्या अंथरल्या, चहा केला, संक्रांतीच्या वाणाचा हिशेब ठेवला. पण बोलायला कधी उभी राहिले नाही. यंदा कार्यकारिणीने आग्रह धरला की, "आपल्या शिवणवर्गाला ज्यांनी कात्री धरायला शिकविले, त्यांच्याविषयी तुम्हीच चार शब्द सांगा." म्हणून उभी आहे. २०२३ साली हे गेले. गेलेल्या माणसाचे गुण सगळेच सांगतात. मी मात्र त्यांच्या गुणांबरोबर माझी एक चूकही सांगणार आहे.

यांचा धंदा शिंप्याचा. घराच्या ओट्यालगतची एक खोली, एक पायमशीन आणि कपडा बेतायचे एक फळकूट, एवढेच दुकान. गळ्यात तुळशीची माळ आणि तिच्यावर मापाची टेप. "एक माळ देवाची, दुसरी गिऱ्हाइकाची, दोन्हींशी खोटे चालत नाही," असे हे हसून म्हणत. सोपानकाकांच्या समाधीचे दर्शन घेतल्याशिवाय यांनी सकाळी कधी कात्री उचलली नाही, आणि संध्याकाळचा हरिपाठ कधी चुकविला नाही. उरलेल्या कापडाचा वीतभर तुकडासुद्धा पुडीत बांधून गिऱ्हाइकाला परत करीत. शिंप्याच्या घरात पोरांच्या गोधडीला चिंध्या मिळत नाहीत, म्हणून मी कितीदा तरी चिडले असेन!

माउलींची पालखी दिवे घाट चढून आपल्या सासवडला येते आणि दोन रात्री मुक्काम करते, हे तुम्हांला सांगायला नको. ते दोन दिवस हे मशीन ओट्यावर मांडीत. वारकऱ्यांच्या पिशव्यांचे तुटलेले बंद, पताकांच्या उसवलेल्या कडा, पखवाजाच्या खोळी, जे येईल ते शिवून देत. पैसा घेत नसत. पालखी जेजुरीला निघाली की मशीनवर चादर घालीत, पडशी खांद्याला लावीत आणि दिंडीत मिसळून जात. मग थेट पंढरपूर.

ऐकायला हे फार गोड वाटते. पण भगिनींनो, वारी येते ज्येष्ठाच्या अखेरीला, आणि शाळा उघडतात जूनमध्ये. शिंप्याची खरी कमाई गणवेशांची. नेमक्या त्याच दिवसांत घरचा कर्ता माणूस टाळ घेऊन चालू लागला, की मागे राहिलेल्या बाईचे काय होत असेल? हे अक्षय्यतृतीयेपासून रात्री जागून कपडे बेतून ठेवीत, मोठी शिलाई उरकून जात. पण काजे, बटणे आणि दारात उभे राहणारे आईबाप माझ्या वाट्याला येत. ज्या वर्षी अधिक महिना आधी येऊन वारी महिनाभर पुढे जाई, त्या वर्षी मी मनातल्या मनात पांडुरंगाचे आभार मानी.

१९९५ साली आमची मुलगी बारावी झाली. तिला परिचारिकेचे शिक्षण घ्यायचे होते. फीचा आकडा ऐकून माझे डोके फिरले. पालखी गावात असताना, ओट्यावर चार माणसे बसलेली असताना, मी यांना म्हणाले, "तुम्ही चाललात, पांडुरंग येऊन पोरीची फी भरणार आहे का?"

हे काही बोलले नाहीत. रात्री पडशी खुंटीवरून काढली नाही. पहाटे पालखी हलली तेव्हा मला जाग आली, ती मशीनच्या आवाजाने. गल्लीच्या टोकाशी टाळमृदंग चालले होते आणि हे दिव्याखाली मान खाली घालून निळ्या चड्ड्या शिवीत होते. पाय मात्र त्या टाळाच्या ठेक्यावर चालत होते. मी दारातच उभी राहिले. "अहो, जा तुम्ही," एवढे तीन शब्द तोंडातून निघायला हवे होते. ते निघाले नाहीत. हीच माझी चूक.

फी वेळेवर भरली गेली. पंढरपूरहून येताना हे दर साली माझ्यासाठी बांगड्या आणीत. त्या वर्षी मी बांगड्यांची आशा कशी करणार? पण एकादशीच्या दिवशी हे बाजारात गेले आणि डझनभर हिरव्या बांगड्या घेऊन आले. पुडी हातात देऊन पुन्हा मशीनवर बसले. त्या सबंध वर्षात त्या प्रसंगाचा एक शब्दही यांनी काढला नाही. पुढच्या ज्येष्ठात पडशी मी स्वतः भरली, आणि तेव्हापासून दर साली भरीत आले. मुलगी परिचारिका झाली. सुनेला यांनी बेतकाम शिकविले. नातीच्या बाहुलीलासुद्धा माप घेऊन परकर शिवला.

२०२० साली करोनाच्या साथीने पायी वारी झाली नाही. पादुका दशमीला एस.टी.ने पंढरपूरला गेल्या. रस्ता ओस होता. हे ओट्यावर बसून होते. नऊ वर्षांच्या नातीने विचारले, "आजोबा, तुमच्या किती वाऱ्या चुकल्या?" मी आत स्वयंपाकघरात होते. माझा हात थांबला. पंचवीस वर्षे जे ऐकायची मला भीती होती, ते आता कानी येणार, असे वाटले.

हे म्हणाले, "ही एकच, बाळ."

मला राहवले नाही. बाहेर येऊन मी म्हणाले, "अन् पंच्याण्णव सालची?"

"ती कुठे चुकली?" हे म्हणाले. "तुझ्या आत्याच्या फीची वारी होती ती. पुंडलिकाने देवाला विटेवर उभे केले ते घरच्या सेवेसाठीच ना? मी तर त्याला एकच साल थांबविले."

भगिनींनो, इतकी वर्षे मी जे ओझे वाहत होते, ते यांनी कधी माझ्या डोक्यावर ठेवलेच नव्हते. भक्ती टाळ वाजविण्यात असते हे मला ठाऊक होते. मनात अढी न ठेवण्यात ती अधिक असते, हे मी त्या दिवशी शिकले.

यांच्या मागे मशीन माझ्याकडे आहे. पालखीच्या मुक्कामात आता मी ते ओट्यावर मांडते. माझी शिलाई यांच्याइतकी सरळ नाही, पण बंद पक्के बसतात. मंडळाला माझी एकच विनंती आहे. शिवणवर्गात तयार झालेल्या मुलींनी त्या दोन दिवसांत आपापली मशीने ओट्यावर आणावीत. वारकऱ्याची पिशवी पंढरपूरपर्यंत टिकली, की आपलीही वारी पोहोचली.

चुकले असेल ते पदरात घ्या. राम कृष्ण हरि.