हुशारी घराघरात आहे, वाट कुठे आहे?

(सायवन येथे बचतगटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



"पोर डोक्याने कच्ची, म्हणून दहावीनंतर घरी बसली," असं आपण पटकन बोलून जातो. कुणाचा मुलगा नोकरीला लागला की म्हणतो, "हुशार होता, म्हणून पुढे गेला." हे खरं आहे का, ते आज बघू.

आपल्या आज्यांच्या काळात लग्नासाठी सावकाराचं कर्ज काढलं, की नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचं. त्याला लग्नगडी म्हणत. कर्ज काही फिटायचं नाही. त्या आज्या बिनडोक होत्या का? लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवासिनी त्याच होत्या! पुढे वारली चित्रं भिंतीवरून कागदावर आली, जगाने पाहिली. आपल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. कला आधीपासून होतीच. तिला बाहेर जायची वाट नव्हती.

वाट कशी झाली? २३ मे १९४५ ला तलासरी तालुक्यातल्या झरीला हजारो वारली जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर सोबत होते. वेठ करायची नाही, असं ठरलं. त्याच वर्षी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. १९५७ ला ते कोसबाडला आलं. पोरं गुरं चारायला जात, शाळेत येत नसत. या बायांनी पोरांना 'ढ' म्हटलं नाही. त्यांनी शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. पाड्यावर अंगणात बालवाडी भरवली, ती अंगणवाडी. अनुताई स्वतः बालविधवा होत्या. त्यांना शिकू दिलं नसतं तर?

म्हणजे पोर तीच असते. वाट मिळाली की आपण तिला हुशार म्हणतो, नाही मिळाली की कच्ची. एका पिढीने वेठ मोडली, दुसरीने शाळा पाहिली. आता तिसऱ्या पिढीची पोर कशाने अडते? कॉलेज लांब, एस.टी.चं भाडं, जातीचा दाखला नाही, दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर आणि धाकटी भावंडं हिच्या अंगावर. आपल्यासाठी राखीव जागा आहेत, पण दाखल्याशिवाय त्या जागेपर्यंत पोचता येत नाही.

हे काम गटाच्या हातातलं आहे. पुढच्या बैठकीत तीन गोष्टी करा. नववी-दहावीच्या मुलींची यादी लिहा. कुणाचा दाखला नाही ते बघा आणि आत्ताच अर्ज करा. वसतिगृहाची चौकशी डहाणूच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करा. आणि प्रवेशाच्या वेळी अंतर्गत कर्ज देताना शेळीसाठी मागणाऱ्या बाईइतकाच पोरीच्या फीसाठी मागणाऱ्या बाईचा विचार करा.

जिची पोर पुढे गेली आहे, त्या ताईने शेजारच्या पोरीचा फॉर्म भरायला मदत करावी. आपली वर चढली म्हणून दुसरीला आळशी म्हणू नये.

पोर कच्ची आहे असं म्हणण्याआधी तिला वाट दिली का, एवढं एकमेकींना विचारत जाऊ.