पदवी आणि पात्रता
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गौरव प्रसंगी केलेले भाषण)



आज गौरविलेल्या विद्यार्थ्यांत संगणक व माहितीप्रणाली या शाखांचे पदवीधर बरेच आहेत, ही अभिमानाची गोष्ट होय. तथापि आम्ही जन्मभर हाती खडू धरला. गुणपत्रिकेपलीकडे पाहण्याची खोड जात नाही. म्हणून दोन शब्द स्पष्ट बोलतो.

माहितीप्रणाली म्हणजे केवळ यंत्र नव्हे. १९५१ साली इंग्लंडात ‘लिओ’ हा संगणक नित्याच्या व्यापारी कामास जुंपला, तो जे. लायन्स या चहा-पावाच्या कंपनीने. त्यास यश आले, कारण कारकुनी कामाच्या पद्धतींचा अभ्यास तेथे कित्येक वर्षे आधीपासून चालू होता.

आता घरची गोष्ट. आपल्या एका संस्थेच्या शिष्यवृत्तीचे दप्तर संगणकावर आणण्याचे काम आम्ही आमच्याच एका हुशार विद्यार्थ्यास दिले. त्याने ते झटपट केले. पण वृद्ध कारकुनांस एक शब्दही विचारला नाही. हप्ते कोणत्या क्रमाने व कोणत्या अटींवर द्यावयाचे, हे त्यांच्याच ध्यानी होते. परिणामी दोन महिने गरीब मुलांचे पैसे अडले. पुढे तो आठ दिवस त्यांच्या शेजारी बसला, तेव्हा कोठे घडी बसली. दोष त्याचा एकट्याचा नव्हे. प्रश्न विचारणाऱ्यास गप्प बसवून पाठांतरास शाबासकी देणारे आम्हीच होतो.

या विषयाच्या जागतिक संस्थांनी तयार केलेल्या ‘आय. एस. २०२०’ या आदर्श अभ्यासक्रमात ज्ञान व कौशल्य यांच्या जोडीला वृत्तीसही स्थान दिले आहे. आपल्याकडे एम. सी. ए. चा अभ्यासक्रम २०२०-२१ पासून तिनाऐवजी दोन वर्षांचा झाला. अवधी आटला, तेव्हा प्रत्यक्ष अनुभवाची तजवीज अधिकच हवी.

यास्तव आमची सूचना अशी: ज्ञातीची शिष्यवृत्ती घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने उन्हाळ्यात एक महिना एखाद्या पतपेढीत, दवाखान्यात वा दूधसंघात बसून तेथील काम पाहावे, आणि कारकुनासही समजेल अशा मराठीत त्याचा वृत्तान्त लिहावा. ज्यांच्या हाती अशा संस्था आहेत, त्या बांधवांनी दारे उघडावीत. विद्यापीठांनीही या महिन्यास गुण द्यावेत, अशी आपण एकमुखाने मागणी करावी.

विद्यार्थ्यांनो, यंत्र तुमचे ऐकेल. पण आधी तुम्ही माणसाचे ऐका.