मोदक फुटला, पोळी फुगली

आम्ही मॉरिशसच्या प्राथमिक शाळांत मराठी शिकवणाऱ्या शिक्षिका. पालक आम्हाला नेहमी विचारतात, "बाई, मूल 'आई आला' म्हणतं, काय करावं?"

यात मुलाचा दोष नाही. घरी आपण क्रिओल बोलतो. 'पापा फिन वीनी', 'मामा फिन वीनी'. क्रियापद तेच राहते. (इथे मामा म्हणजे आई, हे भारतातून आलेल्या पाहुण्यांना सांगायला हवे!) 'ली' हा एकच शब्द तो, ती, ते या तिन्हींना चालतो. शाळेतल्या फ्रेंचमध्ये लिंगे आहेत, पण दोनच. मराठीत तीन.

लिंगांचे तक्ते घरी नकोत, ते आम्ही वर्गात बघू. घरी स्वयंपाकघर पुरे. पुरण शिजले, पोळी फुगली, मोदक फुटला. चतुर्थीला गणपती आला, आरती झाली, विसर्जन झाले. नवा शब्द द्याल तो नुसता देऊ नका: हा तवा, ही पळी, हे ताट.

मूल चुकले तर हसू नका. 'हो, आई आली' एवढेच म्हणा. आजी-आजोबांनो, हे खास तुम्हाला. मराठीवरून ज्याला घरी हसतात, ते मूल वर्गात तोंडच उघडत नाही, हे आम्ही पाहतो.

तुम्हालाच खात्री नसेल तर मुलाला विचारा, 'हा पळी की ही पळी?' मुलांना गुरुजी व्हायला फार आवडते. दोघांनाही आले नाही, तर वहीत लिहून आमच्याकडे पाठवा.